खडूचा आकडा

मित्रांनो, मी प्राणिसंग्रहालयातली एक जुनी पत्र्याची पाटी आहे. अंगभर अक्षरं, पण मला वाचता येत नाही. पोरं मोठ्यानं वाचतात, ते ऐकूनच सगळं पाठ झालं. पंचवीस वर्षं एका जागी उभी आहे. तुम्ही दोन मिनिटं तरी नीट उभे राहता का?

माझ्या डावीकडे कासवं, उजवीकडे गिधाडं. नात्यातली म्हणाल तर मुळीच नाहीत. कासव सरपटणाऱ्यांच्या घराण्यातलं, गिधाड पक्ष्यांच्या. एकाला गवताचा माळ हवा, दुसऱ्याला उंच कडा. कासव पाला कुरतडतं, गिधाड मेलेलं जनावर फस्त करून रान स्वच्छ ठेवतं. तरी लोक कासवाला "किती गोड" म्हणतात आणि गिधाडाला "शी!" शी काय? स्वतःचं ताट तरी उचलता का?

कासवापुढे 'धोक्यात' लिहिलंय, गिधाडापुढे 'अतिशय धोक्यात'. त्याखाली शेवटची ओळ, 'इथे किती'. कासवं अकरा. तो आकडा कधी हलला नाही. गिधाडांचा मात्र खाली खाली यायचा. सहा, चार, दोन. रंगारी मावशी वैतागल्या. पिंजरे सांभाळणाऱ्या काकांना म्हणाल्या, "सारखं खरडून किती रंगवू? तुमच्या गिधाडांचं तुम्हीच खडूनं लिहीत जा!"

मला असा राग आला! मी काय शाळेचा फळा आहे? पण काकांनी मुकाट्यानं खडू घेतला. पावसानं 'दोन' पुसला की बिचारे परत लिहायचे.

यंदा गिधाडीणबाईंनी अंडं घातलं. वर्षाला एकच घालतात, आणि आधीची दोन वाया गेलेली. पिंजऱ्याजवळ कुणी शिंकलं तरी काका डोळे वटारायचे.

"आपलं बाळ झालं तेव्हा एवढा जीव टांगणीला नव्हता लागला," डबा घेऊन आलेल्या काकू टोमणा मारायच्या. आणि डबा हातातच ठेवून आधी अंड्याकडे बघायच्या.

दोन महिन्यांनी पिल्लू बाहेर आलं. ना पिसं, ना रूप. पण मला म्हणाल तर देखणं! काकांनी मावशींना बोलावून घेतलं.

"रंगानं लिहा. तीन."

"आणि परत खरडायची वेळ आली तर?"

"ती येणार नाही. ते माझ्याकडे लागलं."

मावशींनी आकडा चांगला जाड काढला, लांबून दिसेल असा.

तर मित्रांनो, माझ्यावर खिळ्यानं नावं कोरू नका, पिंजऱ्यात खडे मारू नका. आणि बघायला जरूर या. फक्त हात लावू नका, माझा 'तीन' अजून ओला आहे.