पिसांच्या आत

हेमराजने तीन बोटांच्या रबरी पंजांत पाय घातले. प्रदर्शनात माहिती सांगणाऱ्या सोनालीने त्याच्या पाठीवरची चेन ओढली आणि वरून डोकं बसवलं. आता बाहेर बघायला उरली ती जबड्यातली फट, तीही दातांच्या आडून.

सुरतेच्या उधन्यात मागावर अख्खी उमर गेली, छातीत सुताची भुकटी साठली, मालकाने कामावरून काढलं आणि या वयात वाट्याला काय आलं, तर हे सोंग! विज्ञान प्रदर्शनातला पिसांचा डायनोसॉर. खरा तर कोंबडीएवढाच होता म्हणे, पण कोंबडीत माणूस कसा मावणार, म्हणून इथे मोठा केलेला. आत असताना तोंड उघडायचं नाही, ही अट होती.

सोनाली माइकवरून गुजरातीत सांगत होती. हा छोटा शिकारी मांस खायचा, अंगावर पिसं होती, पण उडता येत नव्हतं. अशांच्याच कुळातून पुढे पक्षी झाले. छपरावर बसलंय ते कबूतरसुद्धा. चिमणी-कावळ्यांचा आजोबाच म्हणा याला. लोक हसले.

त्या हसणाऱ्यांत त्याचा लेक नितीन होता. शेजारी त्याची गुजराती बायको आणि बोट धरलेला मुलगा.

नातू हेमराज पहिल्यांदा बघत होता. लग्नाच्या वेळी त्यानेच नितीनला दारात सांगितलं होतं, तू मला मेलास. पोरगाही बापाचाच, पुन्हा उंबरा चढला नाही. ते शब्द गिळून टाकावेत असं हेमराजला रोज वाटायचं, पण पुढाकार घेणार कोण? आज लेक दोन हातांच्या अंतरावर उभा होता. काम गेलं तर गेलं, एक हाक मारायचीच. त्याने तोंड उघडलं आणि नेमका खोकला आला. कोरडा, छाती खरवडणारा, थांबता थांबेना.

नितीनचं हसू मावळलं. तो जबड्याकडे बघत राहिला. मग मुलाला पुढे करत म्हणाला,

"बेटा, दादाने पगे लाग."

दादा म्हणजे गुजरातीत आजोबा. सोनालीने आजोबा म्हटलं त्यावरची ही गंमत, असं समजून बायको खळखळून हसली. पोराने मात्र शहाण्यासारखं वाकून रबरी पंजांवर डोकं टेकवलं. हेमराजला त्याच्या केसांवर हात ठेवायचा होता. पण हात आतल्या दांड्यांत अडकलेले, बाहेरचे नखांचे हात आखूड. तो वाकला, आणखी वाकला, आणि सोंगाचं डोकं खांद्यावरून निसटू लागलं.

नितीन झटकन पुढे आला. दोन्ही हातांनी त्याने ते डोकं सरळ केलं, घट्ट बसवलं. आतला चेहरा कुणाला दिसला नाही. बायकोलाही नाही. फटीशी तोंड नेऊन तो हळूच म्हणाला,

"आबा, दवाई लेतस ना?"

घरची अहिराणी. हेमराजने होकाराची मान हलवली, पुन्हा पुन्हा हलवली. तो भलामोठा जबडा वरखाली होताना पाहून पोरांनी टाळ्या पिटल्या. नितीन तोवर पाठमोरा झाला होता आणि मुलाला पुढच्या दालनाकडे नेत होता.