फाटक्या पडद्याचा आवाज

मित्रांनो, गिटार वाजवणाऱ्याला टाळ्या मिळतात, गिटारचे फोटो निघतात आणि मागे ठेवलेल्या काळ्या पेटीवर लोक आपले कोट टाकतात. ती पेटी म्हणजे मी, एक जुना ॲम्प्लिफायर. तारेचा बारीक आवाज माझ्या पोटात येतो आणि मोठा होऊन बाहेर पडतो. एवढेच माझे काम, पण ते मी चाळीस वर्षे इमानेइतबारे केले.

एका लहानशा कारखान्यात, नाकावर चष्मा घसरलेल्या एका बाईंनी माझ्या तारा एकेक करून जोडल्या. आवाज वाढवणारे काचेचे व्हॉल्व्ह बसवले, स्पीकरचा कागदी पडदा लावला. माझा वादक मालक मला न्यायला आला तेव्हा ऐन तिशीत होता. तो ब्लूज वाजवायचा, म्हणजे मनातले दुःख सांगणारी गाणी. मित्र त्याला 'रडतराऊत' म्हणून चिडवत आणि तोच सगळ्यांत मोठ्याने हसे.

तिसऱ्या वर्षी हमालाच्या हातून निसटून मी सभागृहाच्या जिन्यावरून गडगडलो. एका लोखंडी स्टँडचे टोक माझ्या पडद्यात घुसले आणि बोटभर चीर पडली. कार्यक्रम अर्ध्या तासावर आलेला. "होईल ते होईल," म्हणत त्याने मला तसेच सुरू केले. जाड तार छेडताच माझ्यातून घोगरा आवाज निघाला, रडून रडून बसलेल्या गळ्यासारखा. तो चपापला. मग त्याने तीच तार पुन्हा छेडली, आणखी एकदा छेडली. खुर्च्या शोधणारे लोक जागच्या जागी थांबून ऐकू लागले. ती चीर त्याने कधी दुरुस्त केली नाही आणि कुणाला सांगितलीही नाही.

पुढे त्या आवाजाचे नाव झाले. तरुण वादक यायचे, माझ्या बटणांचे आकडे वहीत उतरवून घ्यायचे, घरी जाऊन तसेच लावायचे आणि डोके धरून बसायचे. मला आतल्या आत हसू फुटायचे. त्याची एक शिष्या मात्र बटणांकडे ढुंकूनही बघत नसे. ती डोळे मिटून नुसती ऐकत बसे.

मग म्हातारपण आले. त्याची बायको गेली, बोलावणी थांबली, हातांना कंप सुटला. मला कोपऱ्यात सरकवले. माझ्यावर चादर आणि चादरीवर झाडाची कुंडी. कुंडीचे पाणी माझ्या डोक्यावर ओघळे, त्याचा डाग अजून आहे. मुलगी कामावर गेली की घरात बोलायला कुणी नसे. तो खिडकीशी बसे, मी कोपऱ्यात.

एके दिवशी त्याच सभागृहातून फोन आला. एक दुपार वाजवाल का, असे त्यांनी विचारले. म्हातारा हरखला. त्याने स्वतः कुंडी उचलली आणि माझी धूळ पुसली. मुलीनेही मनावर घेतले. तो डोळे तपासायला गेला असताना तिने मला दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्याने मला उघडले आणि कपाळाला हात लावला.

"ताई, पडदा पार फाटलाय! इतकी वर्षं चालवलंत तरी कसं?"

"नवा बसवा," ती म्हणाली. "बाबांना आत्ता नाही सांगणार. कार्यक्रम झाला की सांगेन."

जुना पडदा कचऱ्याच्या डब्यात गेला. ओरडावे असे मला फार वाटले.

संध्याकाळी म्हाताऱ्याने तार छेडली. आवाज निघाला तो स्वच्छ, गोल, कुणाचाही असावा असा. त्याने पुन्हा छेडली. मग गिटार बाजूला ठेवून आपले थरथरते हात उलटसुलट करून पाहिले.

"गेला गं हात," तो मुलीला म्हणाला. "त्यांना नाही म्हणून कळव."

"अहो बाबा, छान तर वाजतंय!"

"तेच तर. नुसतं छान वाजतंय."

वयामुळे धीर सुटला असेल, असे तिला वाटले. आता पडद्याचा विषय काढून काय उपयोग, म्हणून ती गप्प राहिली. कार्यक्रमाची दुपार आली आणि गेली. पुढचे तीन आठवडे तो स्वतःच्या हातांकडे बघत बसला. शर्टाचे बटण लागले नाही तरी हातांनाच शिव्या घाली. मला सगळे ठाऊक होते आणि एक शब्द बोलता येत नव्हता. इतके एकटे मला आयुष्यात कधी वाटले नव्हते.

शेवटी त्याने शिष्येला बोलावले, गिटार आणि मला घेऊन जा म्हणून. तिचेही केस आता पिकले होते. तिने सहज एक तार छेडली आणि ताडकन उठून मला मागून वळवून पाहिले. माझ्या धुळकट पोटात पडदा तेवढा कोरा करकरीत होता.

"काका, हा पडदा कुणी बदलला?"

"कुठला पडदा?"

मुलगी दारातच थबकली. "मी, बाबा. जुना पार चिरला होता. तुम्हाला बरं वाटावं म्हणून..."

तो कसाबसा खाली वाकला आणि त्या नव्या कागदावरून बोट फिरवत राहिला. "म्हणजे हात गेला नव्हता," एवढेच म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला.

"चीर पाडून बघू का, काका?" शिष्येने विचारले.

"राहू दे. मुद्दाम फाडून नाही येत ते."

आता तो रोज सकाळी माझ्यासमोर थोडा वेळ वाजवतो. माझा तो आवाज परत आला नाही, हुकलेली दुपारही नाही. मुलीवर माझा राग नाही, तिने केले ते मायेपोटीच. पण मित्रांनो, कुणाच्या जुन्या वस्तूला हात लावण्याआधी त्याला एकदा विचारा. आणि मायेपोटी काही करून बसलात, तर लगेच सांगून टाका. मला तोंड नव्हते, म्हणून तीन आठवडे एक भला माणूस स्वतःच्या हातांना दोष देत बसला. तुम्हाला तर तोंड आहे.