हजीऱ्यातलं वाचनाचं काम

दुसऱ्यांदा लग्न मोडलं, तेव्हा दाना ओली मोहल्ल्यातल्या बायका स्मृतीला पांढऱ्या पायाची म्हणू लागल्या. तिनं ते ऐकलं आणि मनाशी ठरवलं, की बसणाऱ्याचं नशीब बसतं, चालणाऱ्याचं चालतं. आजवर केलं नाही ते करून बघायचं. ती स्कूटी शिकली, पोहायला जाऊ लागली, आणि एकदा मराठी मंडळात भीत भीत कथा वाचून आली. ती कथा ऐकूनच जयसिंहराव पुढे आले. साठीचे, कडक इस्त्रीचे, बोलायला मऊ.

"आमच्या आईची नजर गेलीय. दुपारचं कुणी मराठी वाचून दाखवलं तर बरं होईल."

घर हजीऱ्यात होतं, शहरातल्या कारखान्यांच्या भागात. त्यांची आई, कुसुमताई, पलंगावर बसून ऐकत, फारसं बोलत नसत. फोन मात्र जयसिंहराव दारातच मागून घेत. आईला त्या आवाजाचा त्रास होतो म्हणे.

मग एक दिवस म्हणाले, "वेणी घालून येत जा. आईला आवडेल." पुढच्या आठवड्यात खुर्चीवर निळी साडी होती. "आमच्या लीलाची. नेसतेस? आईच्या समाधानासाठी."

लीला त्यांची बहीण, तरुणपणी कावीळ होऊन गेलेली. म्हातारीची कीव येऊन स्मृती साडी नेसली. त्या दिवशी जयसिंहरावांनी ताट वाढलं, त्यात वांगं नव्हतं. "तुला खाज येते ना वांग्यानं," ते म्हणाले. स्मृती तर वांगं आवडीनं खायची.

ते उठून बाहेरच्या खोलीत गेले आणि तिथल्या दाराला कुलूप लागल्याचा आवाज आला.

कुसुमताईंनी तिचं मनगट घट्ट धरलं. "मला ठाऊक आहे माझी लीला गेली," त्या कुजबुजल्या. "त्याला ठाऊक नाही. तुझ्याआधीची मुलगी भिंतीवरून उडी टाकून पळाली. पाय मोडला तिचा."

स्मृतीनं आजूबाजूला पाहिलं. खिडक्यांना गज होते. ओरडावं, तर शेजारच्या कारखान्याचं मशीन धडधडत होतं. जयसिंहराव परत आले ते हसतच. "आता कुठं जायचं नाही हं. खोली तयार आहे तुझी."

शाळेच्या नाटकात कधी झाडाचंही काम न केलेली स्मृती उठली. पदर सावरून, लाडीक आवाजात म्हणाली, "दादा, मला डाळीची बेडई पुरी खायचीय. गरम. चौकातली. तू पण चल ना!"

त्यांचे डोळे भरून आले. "किती वर्षांनी हट्ट केलास गं!" आणि त्यांनी स्वतःच्या हातानं कुलूप काढलं.

चौकात ते पैसे देत असताना ती धावली, चालत्या ई-रिक्षात चढली. मागून हाक येत होती, "लीला! अगं लीला!" रिक्षावाला म्हणाला, "दीदी, आपको बुला रहे हैं."

"भैया, रुकना मत. थाने चलो."

पोलिसांबरोबर ती परतली, तेव्हा दार सताड उघडं होतं. जयसिंहरावांनी हवालदाराला पाणी दिलं. "बहन है मेरी. ज़रा नाराज़ है."

हवालदारानं कुसुमताईंना विचारलं, "अम्मा, ये लड़की कौन है?"

कुसुमताई मुलाच्या दिशेला तोंड करून बसल्या होत्या. मग काठी चाचपून घेतली, उठल्या आणि भिंतीचा आधार घेत स्मृतीपाशी येऊन उभ्या राहिल्या. "मला माझ्या बहिणीकडे पोचव. शांताकडे, शिंदे की छावनीत."

हवालदार खांदे उडवून म्हणाला, घरचा मामला आहे. अडवलं मात्र कुणी नाही. जयसिंहरावही दारात शांत उभे होते. "जेवायला थांबतो मी," ते म्हणाले, "दोघींसाठी."

रिक्षात म्हातारीनं तिचा हात सोडला नाही. "तुझं खरं नाव काय गं?"

"स्मृती."

"स्मृती, मला सोडलंस की शांताची साडी नेस, ही निळी घरी नेऊ नकोस. वाटेतच टाकून दे. आणि आजपासून तुझ्या आईला दाराला आतून कडी घालायला सांग. तुझं घर कुठं आहे, ते त्यानं विचारून ठेवलंय."