गाडी किती वर्षं ठेवणार?

मी एक जुनी मोटार आहे. मित्रांनो, 'जुनी' हा शब्द मीच आधी सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला चोरून माझ्या पत्र्याकडे बघायला नको. रंग शेवाळी, नाक गोल, मागे दोन गोल लाल दिवे. दार लावलं की असा भरीव आवाज येतो, की शेजारच्यांना कळतं, कोणीतरी आलं.

कारखान्यात खूप ठोकून घेतल्यावर मी मोटार झाले. मला घ्यायला आले ते माझ्या आताच्या मालकिणीचे, ताईचे बाबा. त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. मी इतकी नवी होते, की बाबांनी सीटवरचं प्लास्टिक किती तरी महिने काढू दिलं नाही. वळण आलं की सगळं घर त्यावरून घसरत एका बाजूला जमा व्हायचं. मग कामाची वर्षं आली. मी कापडाचे तागे वाहिले, शिवणयंत्रं वाहिली, शाळेला उशीर झालेली ताई वाहिली. लोक थांबून म्हणायचे, "काय गाडी आहे!" मी ऐकलं नाही असं दाखवायची.

पुढे बाबा गेले. दुकान ताईच्या अंगावर पडलं आणि माझ्या अंगावर एक कापडी खोळ. खोळीवर रिकामी खोकी आली, खोक्यांवर मांजर आली. तिची बाळंतपणं माझ्या बॉनेटवर झाली. माझी तक्रार नाही, पण मी मोटार आहे, प्रसूतिगृह नव्हे.

एके दिवशी ताईने खोळ ओढून काढली, माझ्यात बसली आणि रडली. नंतर डोळे पुसून फोनवर 'जुन्या मोटारींचा कट्टा' नावाचा गट शोधून काढला. दुकानात यंत्रांचा खडखडाट, घरात माणसांचा. म्हणून ती माझ्यात बसूनच सगळं मोठ्याने वाचायची. त्या कट्ट्याने मला पुन्हा रस्त्यावर आणलं. कोणी तुटक्या स्क्रूचा फोटो टाकला, की जेवणाच्या आधी उत्तर हजर असायचं.

पण बाकीचे मालक म्हातारे झाले. त्यांच्या मुलांनी गाड्या विकल्या. हळूहळू कट्ट्यावर नुसती सुप्रभातची फुलं उमलू लागली. नवं कोणी येत नव्हतं, कारण दारात कार्ब्युरेटरकाका बसले होते. हे नाव लोकांनीच ठेवलेलं. काकांना ते फार आवडायचं. आत यायला त्यांचा एकच प्रश्न असे: "तुमच्या गाडीत चोक आहे का?" चोक म्हणजे थंड इंजिन सुरू करताना ओढायची मूठ. नव्या गाड्यांत ती नसते. झालं, बाहेर.

आणि मग गल्लीत एक सामानाची गाडी मागे घेताना माझ्यावर आदळली. माझ्या डाव्या दिव्याची लाल काच फुटली. पासिंग तोंडावर आलेलं. दोन्ही दिवे धड नसतील, तर मी रस्त्यावर उतरू शकत नव्हते.

ताईचा भाऊ म्हणाला, "दे आता भंगारात. काच मिळत नाही, काच देणारी माणसं मिळत नाहीत. कशाला जीव काढतेस?"

ताईने कट्ट्यावर विचारलं. पुष्कळांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. एकाने लिहिलं, "माझ्याकडे होती, मुलाने गाडीबरोबर विकली." काका म्हणाले, "शोधतो." पण त्यांच्या 'शोधतो'मध्ये जोर नव्हता.

त्या दुपारी ताईने कट्ट्याच्या दाराबाहेर कोण उभं आहे ते पाहिलं. एक बाई पुन्हा पुन्हा येऊन परत गेली होती. तिने लिहिलं होतं, "कवळ्या बनवते. गाडी नवी. चोक नाही. पण तुम्ही गाड्यांबद्दल जे लिहिता, ते वाचायला आवडतं." दाराची दुसरी किल्ली ताईकडे होती; तिने बाईला आत घेतलं.

काकांचा लगेच फोन. "ताई, कोणाला घेतलंत? तिच्या गाडीला चालू करायला बटण आहे, बटण."

"काका, तुमच्या सदऱ्यालाही आहेत. मीच लावलीत."

कवळीवाल्या बाईंनी माझा फोटो पाहिला आणि लिहिलं, "उजवी काच शाबूत आहे ना? मग तिचं माप घेते. ती काच नाहीच मुळी. कवळी ज्याची करतो, त्याच जातीची वस्तू आहे."

त्या आल्या. त्यांची गाडी इतकी मुकाट आली, की मला वाटलं, कोणी ढकलत आणली. त्यांनी माझा उजवा दिवा पुसला आणि त्यावर मऊ लगदा दाबून धरला.

"आ करा म्हणायची सवय आहे," त्या म्हणाल्या. "ही काही बोलत नाही, ते बरं."

"बोलते," ताई म्हणाली. "तुम्हाला अजून ऐकू येत नाही."

पहिली काच आली ती हिरड्यांच्या रंगाची. बसवून दिवा लावला, तर मी मागून हसते आहे असं दिसू लागलं. दोघी पोट धरून खाली बसल्या. दुसरी काच मात्र लाल, नितळ, अगदी माझी. पासिंगच्या साहेबांनी दोन्हींवर नख वाजवलं.

"यातली बदलली कुठली?"

"तुम्हीच सांगा," ताई म्हणाली.

साहेबांनी उजवीकडे बोट दाखवलं. मी पास झाले.

आता ताईने ठरवलं, कट्ट्याचं दार उघडायचं. काका दुकानाशी आले आणि तडक दारातल्या माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "नवे येणार असतील तर मी चाललो. हा जुन्यांचा कट्टा आहे."

ताईच्या हातातली कात्री थांबली. काका गेले, तर कट्ट्याची अर्धी विद्या जाणार होती. "काका, तुमची गाडी तुम्ही जुनी घेतलीत?"

"छे! कोरी करकरीत."

"मग तेव्हा किती वर्षं ठेवायची ठरवली होती?"

"तीन. नंतर मोठी घेणार होतो."

"मग?"

"मग काय... आमची ही गाडीत बसली की गुणगुणायची. विकायचं नाव काढलं की गप्प. जमलंच नाही ते." त्यांनी नव्या काचेवरून अंगठा फिरवला. "कवळीवालीनं केली म्हणता ही?"

त्या संध्याकाळी दारावरचा प्रश्न बदलला. काकांनी स्वतः लिहिला: "गाडी किती वर्षं ठेवणार?"

उत्तरं येऊ लागली. "लेक चालवायला शिकेपर्यंत." "ती थांबेल तोवर." "माहीत नाही, पण हिला विकायचं म्हटलं की झोप येत नाही." असं लिहिणाऱ्याला काका म्हणाले, "या, आत या."

वार्षिक मेळाव्याला गेल्या खेपेस आम्ही मोजक्याच होतो. माणसांपेक्षा खुर्च्या जास्त. या खेपेस मैदान भरलं आणि गाड्या रस्त्यापर्यंत गेल्या. चकचकीत, मुकाट, चोक नसलेल्या. काका एकेकीचं बॉनेट उघडून कुरकुरत होते, "झाकणाखाली पुन्हा झाकण!" पण मागे घोळका चालत होता आणि काका त्यांना इंजिन ऐकायला शिकवत होते. भाऊसुद्धा आला होता. गर्दीत कोणाला तरी सांगत होता, "ती शेवाळी आमची." शेवटी सगळ्यांची रांग निघाली. पुढे मी, आणि माझ्या मागे कवळीवाल्या बाईंची गाडी. त्या दिवशी मी मुद्दामच जास्त वेळा ब्रेक लागू दिला. दोन्ही दिवे दिसले पाहिजेत ना.

मित्रांनो, जुनं जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी थोडं वेगळं मागते. तुमच्या घरात आज जी वस्तू नवी आहे, तिला आजपासूनच जपायला लागा. जुनी होऊन कोणीच जन्माला येत नाही, मीसुद्धा नाही. आणि तुमच्या कट्ट्याच्या दारात कोणी नवखं उभं असेल, तर त्याच्याकडे काय नाही ते विचारू नका.

हिरड्यांच्या रंगाची ती काच अजून माझ्या पुढच्या कप्प्यात आहे. ताई टाकू देत नाही.