कापशीची वाटी

शेजारच्या काकूंनी केकचा डबा ओट्यावर आपटला. झाकण उघडलं, तर चॉकलेटच्या क्रीमवर पांढरा केस. एकच, पण कसा उठून दिसत होता!

"पोरीचा वाढदिवस होता," काकू म्हणाल्या. "पाहुण्यांसमोर नाक कापलं माझं." आणि तरातरा निघून गेल्या.

आई घरी केक करून विकते. हाच ओटा तिचं दुकान. ती ओटा घासायला लागली.

दादाने बूटसुद्धा काढले नव्हते. "ही मांजर आजच्या आज मावशीकडे. मी सोडून येतो."

"केस तिचाच कशावरून?" मी विचारलं.

"मग काय माझा?"

त्याला टक्कल पडायला लागलंय. एरवी मी खो खो हसले असते.

केस कापशीचाच होता, मी काही आंधळी नाही. पण ती ओट्यावर चढते का, हे कुणी विचारेना. दादाने पैलवान आणला, त्याचा कुत्रा. खाली ठेवलेलं काहीही तो गिळतो. कापशीची वाटी तर एका घासात साफ. ती वाळून काटकी झाली, तेव्हा आईनेच तिची वाटी ओट्यावर ठेवली, मिक्सरच्या शेजारी. "खाऊ दे बिचारीला निवांत." आधी हौसेने वर चढवायचं, आणि आता तीच गुन्हेगार!

"पैलवानाला गॅलरीत खायला घाल," मी म्हटलं. "दार लावून. मग हिची वाटी खाली ठेवता येईल."

"तो दार ओरबाडतो. एकटा जेवत नाही तो."

"अरे वा! मग मांडीवर घेऊन भरव की!"

"तोंड सांभाळ. शाळा सोडून घरी बसलीयस, वर मांजरीचे लाड."

आलं! भाजी करपली तरी माझी शाळा, नळ गळला तरी माझी शाळा. कमावत्याचा कुत्रा सोफ्यावर लोळणार, आणि बसून खाणारीची मांजर घराबाहेर. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. पण मी दुसरी कधी झाले?

"आई, वाटी वर कुणी ठेवली? सांग ना त्याला!"

"जाऊ दे गं. मावशीकडे मजेत राहील ती."

"जाऊ दे काय? ठेवलीस तू, आणि भोगायचं तिने?"

मी ओट्यावरची वाटी उचलून फरशीवर ठेवली. पैलवान धावलाच. त्याचा पट्टा धरून त्याला फरफटत गॅलरीत नेलं, दार ओढलं आणि पाठ लावून उभी राहिले. आतून तो दिसत नव्हता, पण दार माझ्या पाठीवर धडधडत होतं.

आणि कापशी? वाटीकडे ढुंकूनही न बघता टुणकन ओट्यावर.

"घ्या!" दादा हसला. "जित्याची खोड."

आईने हात पुसले. कापशीला उचलून वाटीसमोर ठेवलं. ती परत वर. आईने परत खाली घेतलं. शेवटी आई स्वतःच फरशीवर बसली, तिच्या पाठीवर हात ठेवून. कापशीने वास घेतला, आणि मग खायला लागली.

"वाटी वर मी ठेवली होती," आई दादाला म्हणाली. "काकूंना तसं सांगेन, दुसरा केकही देईन. मांजर कुठे जाणार नाही. तुझा कुत्रा गॅलरीत जेवेल. नसेल जमत, तर त्याला सोड मावशीकडे."

दादा पाय आपटत आत गेला.

"हे आधी बोलायला काय झालं होतं?" मी म्हटलं. माझा राग अजून उतरला नव्हता.

"दार सोडू नकोस," आई म्हणाली. "तिचं व्हायचंय अजून."