धाकटीच्या घरी आलेले मशीन

थोरल्या जावेने बारा वर्षांपूर्वी हातातल्या दोन बांगड्या मोडून कपडे धुण्याचे मशीन घेतले, तेव्हा साऱ्या नात्यागोत्यात ते एकच होते. धाकटी जाऊ दर रविवारी चादरींचे गाठोडे घेऊन यायची आणि दारातूनच विचारायची, "जाऊबाई, मोकळं आहे का हो?" थोरली मुद्दाम जरासा विचार केल्यासारखे करून "आण" म्हणायची. त्या एका शब्दात तिचे थोरलेपण सुखाने नांदत होते.

आता धाकटीने स्वतःचे मशीन घेतले होते आणि थोरली ते पाहायला तिच्या घरी आली होती. थोरलीच्या मशीनहून मोठे, आणि नवऱ्याच्या निम्म्या पगारात.

"वर इस्त्री फुकट! काय स्वस्त झालंय हो सगळं. तुम्ही तेव्हा उगाच घाई केलीत."

घाई! थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षे जिला ती स्वतःची दूरदृष्टी समजत आली, तिला ही कालची पोर घाई म्हणत होती.

"स्वस्तातलं टिकत नाही, बाई."

"मोटरची दहा वर्षांची हमी आहे. तोवर आणखी स्वस्त होईल!" धाकटी हसत चहा टाकायला गेली.

थोरली मशीनभोवती फिरली. एखादा पोचा, एखादा ओरखडा, काहीतरी हवे होते तिला. मागच्या पत्र्यावर तिला चार जाड बोल्ट दिसले. वाटेत आतला ड्रम हलू नये म्हणून कारखान्यातच आवळलेले. मशीन चालवण्याआधी ते काढावेच लागतात. तिच्या वेळी कंपनीच्या माणसाने घरी येऊन ते काढले होते आणि तिला समजावूनही सांगितले होते. इथे दिराने उत्साहाने स्वतःच नळी जोडली होती.

सांगायला एक वाक्य पुरले असते. धाकटी चहा घेऊन आली तेव्हा ते जिभेवर आले, आणि थोरलीने ते चहाच्या घोटाबरोबर गिळले.

धाकटीने मशीनमध्ये कपडे टाकून बटण दाबले. ड्रम धडधडू लागला.

"नवीन आहे, रुळेल," धाकटी म्हणाली. थोरली कपात पाहत राहिली. मग पिळण्याची वेळ आली आणि मशीन पिसाळल्यासारखे थरथरत भिंतीपासून पुढे सरकले. धाकटीने घाबरून त्याला मिठीच मारली. थोरली क्षणभर, अगदी क्षणभरच, नुसती पाहत उभी राहिली. मग झेप घेऊन तिने प्लग उपसला.

"पाना आण आधी! मागचे बोल्ट राहिलेत."

पाना देताना धाकटीचे डोळे भरून आले होते. "बरं झालं तुम्ही होतात, नाहीतर वाटच लागली असती. आवाजावरून ओळखलंत?"

हो म्हणणे सोपे होते. त्या डोळ्यांपुढे ते जमले नाही.

"मघाशीच दिसले होते."

"मघाशी? चहाच्या आधी?"

थोरली खाली बसली आणि बोल्टला पाना लावू लागली. धाकटीने तो तिच्या हातातून अलगद काढून घेतला.

"राहू द्या. जमेल मला."