डावा कौल

"हळू, हळू! एवढ्या जोरानं दाबू नका!" शरच्चंद्र साहेब ओरडले, तसा शिवदासनं पंपाचा व्हॉल्व्ह मागं फिरवला. प्रेशरचा काटा सावकाश खाली आला.

तेलाबरोबर वर येणारं खारं पाणी खोल विहिरीतून परत जमिनीच्या पोटात ढकलायचं, हे शिवदासचं बहरीनमधलं काम. इतकी वर्षं तो ते मुकाट करत होता. आज मात्र त्यानं विचारलं, "साहेब, जोरानं दाबलं तर काय हुतंय? जमिनीच्या पोटात जागा काय कमी हाय?"

साहेब पुण्याचे इंजिनियर. समजावून सांगायला मिळालं की चहा गार झाला तरी त्यांना चालायचं.

"जागेचा प्रश्न नाही हो. खडकाला खोलवर जुन्या भेगा असतात. दोन्ही बाजू एकमेकींवर घट्ट आवळलेल्या, म्हणून हलत नाहीत. पाणी शिरलं की आतून रेटा देतं आणि पकड सुटते. गरम आमटीची वाटी ओल्या ओट्यावर ठेवली की आपोआप सरकते ना, तसंच काहीसं. मग भूकंप. लांब कशाला जायचं, आपल्या कोयनेचंच घ्या. धरणाचं पाणी भेगांत मुरलं म्हणून भूकंप झाला, असं पुष्कळ तज्ज्ञ म्हणतात. अजून वाद आहेत म्हणा. तुम्ही मूळचे कुठले?"

"तितलाच," शिवदास म्हणाला.

साहेब गार झालेला चहा उचलून केबिनकडे वळले. शिवदास मात्र दिवसभर मनातल्या मनात एकच गोष्ट घोळवत राहिला. म्हणजे बाबांनी काही केलं नव्हतं!

त्याचे वडील शंभू गुरव, वाघजाईचे पुजारी. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा देवीला वर डोंगरावर न्यायचं ठरलं. रिवाजाप्रमाणे शंभूनं कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाकळ्या चिकटवायच्या आणि कोणती आधी गळते ते पाहायचं. उजवी पडली तर देवीची संमती, डावी पडली तर नाही. दर वेळी डावीच पडली. देवीला जायचं नव्हतं. पण पाणी देवळाच्या पायरीला लागलं होतं. शेवटी शंभूनं तिला टोपलीत घातलं, तोंडावर पदर ओढला आणि उचललं. त्या वेळी सगळा गाव टाळ्या पिटत मागून चालला होता.

पाच-सहा वर्षांनी भूकंपानं घरं बसली, माणसं गेली, आणि तोच गाव म्हणायला लागला की गुरवानं कौल मोडला. पूजा काढून घेतली. शंभू मेला तेव्हा खांदा द्यायला चार माणसं मिळाली नाहीत; शिवदासनं बापाला बैलगाडीतून नेलं. आई, काशीबाई, अजून गावातच होती. तिला डोंगरावरच्या नव्या देवळाची पायरी चढायची बंदी होती. दर मंगळवारी ती खालच्या रस्त्यावरूनच हात जोडायची.

माणूस आखातात येतो तो मागचं विसरायला. शिवदासचं नशीब असं की मागचं त्याच्या आधीच बहरीनमधल्या सित्र्याच्या कॅम्पात येऊन बसलं होतं. कंपनीची बस चालवणारा रावजी त्याच्याच गावचा. भूकंपात त्याची बायको आणि दोन्ही पोरं गेली होती. इतकी वर्षं एका कॅम्पात राहून तो शिवदासशी चकार शब्द बोलला नव्हता. मेसमध्ये शिवदास आला की पाठ करून बसायचा.

आता रावजीचा व्हिसा संपला होता. येत्या आठवड्यात तो कायमचा गावी निघाला होता. गावात त्याच्या शब्दाला मान होता. त्यानं एकदा सांगितलं असतं, की गुरवाचा दोष नाही, तर म्हातारी मरायच्या आधी देवळात गेली असती.

शुक्रवारी दुपारी मेस रिकामी होताच शिवदास त्याच्या समोर जाऊन बसला. रावजीनं ताट उचललं.

"तात्या, बसा. एकदाच ऐका, मग जन्मात बोलू नका."

कसं कोण जाणे, रावजी थांबला. शिवदासनं सगळं सांगितलं. भेगा, पाणी, आतला रेटा. टेबलावर पाणी ओतून आमटीची गरम वाटी ठेवली, ती सुर्रकन सरकली. रावजी त्या वाटीकडे पाहत राहिला.

"म्हंजी देवीनं न्हाई केलं?"

"न्हाई तात्या. पान्यानं केलं. धरनाच्या पान्यानं. बाबांचा काय बी दोस नव्हता."

"धरनाच्या पान्यानं," रावजी पुटपुटला. "आरं, पर त्ये धरन... सा वरसं म्या तितं काँक्रीट वतलं, शिवदास. थोरला भाकरी घिऊन यायचा. पोरास्नी सांगायचा, ह्ये माज्या बानं बांधलंय. मंग पानी अडवलं कुनी रं? म्याच का?"

त्याच्या हातातलं ताट टेबलावर आपटलं, डाळ सांडली. साठीला आलेला, वाळवंटातल्या उन्हात करपलेला तो माणूस तोंड उघडं टाकून शिवदासकडे बघत होता, उत्तराची वाट पाहत.

 धरणावर हजारो माणसं होती, शिवदास स्वतःही होता. कोणाला काय ठाऊक होतं? हे सगळं त्याला सांगता आलं असतं. पण रावजीच्या डोळ्यांकडे पाहून त्याला कळलं की यातलं काहीच तिथवर पोचणार नाही. बापाला तो मनातल्या मनात म्हणाला, बाबा, माफ करा.

"छ्या, तात्या. तुमी बी काय मनाला लावून घेताय? साहेब स्वताच म्हनला, अजून वाद हाईत. बुकं वाचून बडबडतुया." त्यानं सरकलेली वाटी उचलून बाजूला ठेवली. "कौल डावा पडलाय, आन् बाबांनी देवी उचलली. सगळ्या गावानं बघितलंय ते."

रावजीनं एक मोठा श्वास सोडला. "त्येच म्हनतो म्या," तो म्हणाला. "तुज्या बानं उचलाया नको हुती."

"व्हय. नको हुती."

रावजी खाली बसला. सांडलेली डाळ पुसली, उरलेली चपाती मोडून अर्धी शिवदासच्या पुढ्यात सरकवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघं समोरासमोर जेवले. हात धुताना रावजीनं विचारलं, "म्हातारीला काय निरोप?"

"काय न्हाई," शिवदास म्हणाला. "खुशाल हाय म्हनावं."